समुद्राकडचं फाटक

४ जून

प्रिय बेबी,

पोचलो बाई एकदाचे या परक्या देशात. फोनवर बोलणं झालंच, पण फोन हे स्पीकरवर टाकतात आणि मग माझ्या वाटणीला "हो ना" आणि "अगदी" एवढंच उरतं. म्हणून ठरवलंय, तुला पत्रं लिहायची. बाजाराच्या वाटेवरच पोस्ट आहे.

घर छान आहे. दोन खोल्या, मागे एक लहान खोली (ती तुझी), पुढे ओसरी, ओसरीसमोर पपईची झाडं. उकाडा म्हणशील तर सकाळी आंघोळ करून बाहेर यावं तोवर पुन्हा आंघोळीची वेळ. पण यांचे गुडघे दुखायचे थांबले आहेत. तिकडे आपल्या पेन्शनीत महिनाअखेरीला ओढाताण व्हायची, इथे तेवढ्यातच धुणंभांड्याला बाई आणि झाडांना माळी. तुझा दादा पहिल्या दिवशी माळ्याला म्हणाला, "तुम्ही बसा हो, मी घालतो पाणी." माळी बिचारा घाबरून पळूनच गेला!

वसाहतीत सगळे आपल्यासारखेच, देशोदेशीचे निवृत्त. सगळ्यांचा पुढारी एक म्हातारा आहे, सैन्यात होता म्हणे. सगळे त्याला मेजर म्हणतात. वसाहतीभोवती उंच भिंत, भिंतीवर काचा रोवलेल्या. भिंतीपलीकडे कोळ्यांची वस्ती. त्यांची समुद्राकडे जायची वाट पूर्वी इथूनच होती, आता तिला फाटक लावून कुलूप घातलंय. मेजरांनी फाटकावर लक्ष ठेवायचं काम यांच्याकडे दिलं. शिट्टीही दिली. बस स्टँडच्या तिकीटखिडकीमागे उभा जन्म गेला, लोकांनी जाळीतून शिव्या घातल्या आणि यांनी कधी ब्र काढला नाही. इथे रखवालदार सलाम ठोकतो. काल आरशासमोर उभे राहून शिट्टी वाजवून पाहत होते. मी पदर तोंडात कोंबून हसले.

तू लवकर ये. शिवणाचा क्लास इथेही चालेल.

तुझी वहिनी


२३ जून

वहिनी,

तुझं पत्र क्लासमधल्या पोरींना वाचून दाखवलं. शिट्टीवाला भाग दोनदा! दादाला सांग, शिट्टी मिळाली, आता टोपीही मागून घे. लहानपणी घरात झुरळ निघालं की हा पाटावर चढायचा आणि मी चप्पल घेऊन धावायचे. आणि आता हा पहारा देणार. कोळ्यांचं काही खरं नाही.

फ्लॅट बघायला दोन कुटुंबं येऊन गेली. दुसरं पसंत करेल असं दिसतंय. खरं सांगू, आमचे हे वारल्यापासून संध्याकाळ अंगावर येते. पोरी मशीन बंद करून घरी जातात आणि मग घरात नुसता फ्रिजचा आवाज. दादाने "मागची खोली तुझीच" म्हटल्यापासून मी मनाने तिथेच आहे. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे? मशीन मी उजेडाला ठेवीन. पडद्याचं माप कळव, इथूनच शिवून आणते.

दादा स्वतः का लिहीत नाही? दोन ओळी लिहायला काय होतं त्याला?

तुझी बेबी


१५ जुलै

प्रिय बेबी,

पडद्याचं माप घ्यायचं राहून गेलं. खरं तर तू फ्लॅटची घाई करू नयेस असं मला वाटतं. इथली दमट हवा तुला मानवेल का कोण जाणे. तुला दम्याचा त्रास. भिंतींना बुरशी येते, कापड ठेवलं की डाग पडतात, शिवणकामाचं कसं व्हायचं? मागच्या खोलीला खिडकी आहे, पण ती भिंतीकडे उघडते. भिंत आणि काचा, बाकी काही दिसत नाही.

आणि तुझ्या क्लासच्या मुली तुला किती धरून आहेत. उतारवयात जागा बदलणं वाटतं तेवढं सोपं नसतं.

हे मजेत आहेत. वजन उतरलंय, चालणं ताठ झालंय. दिवसभर फाटकापाशीच असतात. त्यांचे सदरे घासून माझे हात भरून येतात. काही डाग गार पाण्यातच सुटतात, गरम पाण्यात पक्के बसतात, हे तुला माझ्या वॉर्डातल्या दिवसांपासून माहीतच आहे. वॉर्डात चादरी होत्या, इथे सदरे.

एखादं वर्ष थांबशील का? माझं ऐक.

वहिनी


२ ऑगस्ट

वहिनी,

स्पष्टच लिहिते. तुला मी नको असेन तर तसं सांग. दमा, बुरशी, खिडकी, हे कशाला? लग्न होऊन तू आलीस तेव्हापासून आपलं नणंद-भावजयीचं कधी वाजलं नाही याचा मला अभिमान होता. लोक आपलं उदाहरण द्यायचे. आता कळतंय, वाजलं नाही कारण मी माझ्या घरी होते.

त्याच्या कपड्यांचं गाऱ्हाणं तर मला वाचवेना. माळी ठेवलाय, बाई ठेवलीय, मग दादाचे सदरे तू का घासतेस? आणि बागेत काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांना माती लागायचीच. त्याने सगळा जन्म खिडकीत बसून काढला, आता जरा हातपाय हलवतोय तर तुझ्या पोटात का दुखतंय?

फ्लॅटचा सौदा ठरला आहे. पुढच्या महिन्यात कागद होतील. मी दादाला फोन केला होता. तो म्हणाला, "डोळे मिटून ये." मी येणार. तुझ्या वाटेत येणार नाही, मागच्या खोलीत पडून राहीन.

बेबी


२० ऑगस्ट

चि. बेबीस दादाचे भरपूर आशीर्वाद.

तू कानउघाडणी केलीस म्हणून लिहायला बसलो. वहिनी काय लिहिते ते तिने मला दाखवलं नाही, पण तू फोनवर चिडलेली वाटलीस. तिचं मनावर घेऊ नकोस. तिला इथे करमत नाही. मला तर वाटतं, माझं आयुष्य इथेच सुरू झालं.

बेबी, इथे माणसाला किंमत आहे. मी फाटकाकडे निघालो की पलीकडचा गलका बंद होतो. एवढी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याने माझ्यावर खेकसावं आणि मी "पुढचा" म्हणावं. आता कोणी खेकसत नाही. त्या लोकांना शब्द कळत नाहीत, काठी कळते. मेजर म्हणतात, मी आधीच सैन्यात जायला हवं होतं. गेल्या आठवड्यात एकजण दांडगाईने आत घुसला. त्याला असा धडा दिला की आता महिनाभर कोणी फाटकाकडे बघणार नाही. तुझी वहिनी उगाच रडत बसली. नर्स असून रक्ताला घाबरते, बोल!

तुझ्या खोलीला रंग देऊन घेतोय. कुठला देऊ ते फोनवर सांग.

तुझा दादा


२१ ऑगस्ट

बेबी,

तू मला काय वाटेल ते म्हण, पण फ्लॅट विकू नकोस. मी आडून आडून लिहीत बसले ही चूक झाली. आता सरळ लिहिते.

पलीकडे एक माणूस राहतो. जाळी विणतो आणि दुरुस्त करतो, म्हणून मी त्याला जाळेवाला म्हणते. पन्नाशीचा असेल. फाटक बंद झाल्यापासून त्या लोकांना टेकडीला वळसा घालून किनाऱ्यावर जावं लागतं, तोवर होड्या निघून गेलेल्या असतात. म्हणून कधीकधी कोणीतरी फाटकावरून चढून येतं, रस्ता ओलांडतं आणि पलीकडे उतरतं. कोणाचं काही घेत नाहीत. आधी हे शिट्टी वाजवायचे, ओरडायचे. मग एका बाईची टोपली लाथेने उडवली. मग एका पोरसवदा मुलाला कानफटलं, तो नाक धरून पळाला. दर वेळी मेजर पाठ थोपटायचे. दर वेळी हे घरी येऊन पोटभर जेवायचे.

त्या सकाळी मी ओसरीत भाजी निवडत होते. जाळेवाला फाटकावरून उतरला, खांद्यावर जाळं. यांनी शिट्टी वाजवली. त्याने हात वर केला आणि हसून चालू लागला, जसं आपण ओळखीच्या माणसाला "आलोच" म्हणतो. बेबी, मला वाटतं ते हसणंच नडलं. यांच्या हातात काठी नव्हती, लोखंडी गज होता. कुंपणाच्या कामातून उरलेला. मागून जाऊन गुडघ्याच्या लवणीत घातला. तो जाळ्यासकट पडला. उठायला गेला तर पाय जाळ्यात गुंतलेले. मग हे मारत सुटले. पाठीवर, हातांवर, मग डोक्यावर. ओल्या गादीवर दांडा मारावा तसा आवाज येत होता आणि शेवटी तो आवाज बदलला. तो कसा बदलला ते मी लिहीत नाही.

मी धावत जाऊन यांचा हात धरला. मला कोपराने ढकललं आणि आणखी एक मारला. मी चेहरा पाहिला. तो चिडलेला असता तर मला इतकी भीती वाटली नसती. नवीन काम नीट जमायला लागल्यावर माणूस दिसतो ना, तसे हे दिसत होते.

मेजर चहाचा कप घेऊन आपल्या घराच्या दारातून बघत होते.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने दाबलं. डाव्या कानातून रक्त येत होतं आणि रक्तामागून पाणी. ते पाणी मी वॉर्डात पाहिलंय, कवटी फुटली की येतं. मी ओरडून गाडी मागवली. हे नळावर हात धूत होते. "चहा टाक," म्हणाले.

पोलीस आले तेव्हा मेजरांनी सांगितलं, भिंतीवरून पडला. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. यांचा हात माझ्या खांद्यावर होता, मी गप्प राहिले. तो माणूस अजून बेशुद्ध आहे. मी बाजाराला जाते असं सांगून दवाखान्यात जाते. त्याची बायको मला उशाशी बसू देते. तिला माहीत आहे मी कोणाची कोण ते. तरी बसू देते.

माझ्यावर यांनी हात टाकलेला नाही. अजून तरी.

वहिनी


१० सप्टेंबर

वहिनी,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी पोस्टमनने हातात दिली. दादाचं आधी उघडलं आणि हसत हसत वाचलं. मग तुझं. मग पुन्हा दादाचं.

तुझं खोटं आहे असं मला म्हणायचं होतं. दिवसभर मनाशी तेच घोळवत होते, की वहिनीला परत यायचंय म्हणून ती वाढवून सांगतेय. पण तू जे लिहिलंस तेच त्यानेही लिहिलंय. तू गज म्हणतेस, तो काठी म्हणतो. एवढाच फरक.

वहिनी, माझी आई गेली तेव्हा मी शाळेत होते. माझी वेणी कोण घालायचं माहीत आहे ना तुला? शेजारच्या बायकांकडून शिकून आला होता. केस ओढले जाऊ नयेत म्हणून आधी बोटांनी गुंता काढायचा. त्या हातांचं तू हे लिहिते आहेस. माझ्या डोक्यात दोन्ही एकत्र मावत नाहीत गं.

सौदा थांबवलाय. मोडला नाही, थांबवला. मी येते आहे, दहा दिवसांसाठी. त्याच्याशी मी बोलेन. माझं तो ऐकतो. तिकीट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं मिळालं. मागच्या पत्रात जे बोलले त्याबद्दल काय म्हणू? आल्यावर पाया पडते.

तोवर सांभाळून राहा. त्याच्याशी वाद घालू नकोस.

तुझी बेबी


१२ डिसेंबर

दादा,

तुरुंगातून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, त्या दिवशीचं तुला काही आठवत नाही, गर्दीत धक्काबुक्की झाली आणि वहिनीला लागलं. आणि मी तसं सांगावं. वहिनीनेही जाळेवाल्याबद्दल गप्पच राहावं. तुला आठवत नसेल तर मी सांगते. मी तिथे होते.

मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी जाळेवाला गेला. दुपारी भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला आणि मग ती माणसं त्याला खांद्यावर घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली. त्यांना त्याला किनाऱ्यावर न्यायचं होतं, त्याच्याच वाटेने. कोणी दगड उचलला नव्हता. सगळ्यात पुढे त्याची बायको होती. ती कुलपाला हात लावून नुसती उभी होती.

मी तुला म्हणाले, "दादा, उघड. तू बाजूला हो, मी उघडते." तू म्हणालास, "आज उघडलं तर उद्या घरात येतील." आदल्या तीन दिवसांत तू माझ्याशी किती गोड बोलला होतास. मला आवडतो म्हणून फिकट निळा रंग दिला होतास खोलीला. मी त्या खोलीत बसून स्वतःची समजूत घालत होते, की वहिनी थकली आहे, तिला काहीतरी भलतंच दिसतंय.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आली. हात पिठाचे होते. तुझ्या खिशातून पडलेली किल्ली तिने उचलली आणि सरळ फाटकाकडे गेली. तू हाक मारलीस. ती थांबली नाही. कुलूप उघडलं, कडी काढली, आणि तू गज फिरवलास. धक्का लागला नाही, दादा. तू पाय रोवलेस, दोन्ही हातांनी धरलास आणि फिरवलास. तिच्या तोंडावर. ती फाटकाला धरून खाली बसली. तोंडातून दात बाहेर आले आणि ती ते ओंजळीत धरून बघत राहिली, जणू दुसऱ्याच कोणाचे आहेत. तू पुन्हा गज उचललास.

तेव्हा ती माणसं आत घुसली. त्यांनी त्याला हळूच जमिनीवर ठेवलं आणि मग तुझ्यावर तुटून पडली. मेजर घरात गेला आणि त्याने आतून कडी लावली, तेही तुला माहीत असू दे. तुझा हात कोणीतरी फाटकाच्या खांबावर आपटला, तो मोडला तेव्हा मी ऐकलं. तुझं डोकं धरून ते दगडावर आपटणार होते. मी तुझ्या अंगावर पडले. विचार करून नाही, पडले. माझ्या पाठीवर लाथा बसल्या, एक बरगडी गेली. "माझा भाऊ आहे, माझा भाऊ आहे," असं मी आपल्या भाषेत ओरडत होते. त्यांना काय कळणार होतं? पण जाळेवाल्याची बायको येऊन मध्ये उभी राहिली आणि काहीतरी एकच शब्द बोलली. ते थांबले. मग त्यांनी त्याला पुन्हा उचललं आणि त्याच्याच वाटेने समुद्राकडे घेऊन गेले.

तू जिवंत आहेस तो तिच्या त्या शब्दामुळे. तो काय होता ते मी नंतर दवाखान्यात दुभाष्याला विचारलं. तिने "पुरे" म्हटलं होतं.

मी पोलिसांना त्याच दिवशी सगळं सांगितलं. माझ्या अंगावर तुझं रक्त होतं, तशीच जाऊन सांगितलं. आता तू लिहितोस, "मी तोच आहे, बेबी. तुझा दादा." मी यावर खूप विचार केला. वकील मी बघून दिला आहे, तो तुला भेटेल. खोटं मात्र माझ्याकडून मागू नकोस.

वहिनी माझ्याकडे आहे. जबडा तारेने बांधला होता, दोन महिने नळीने पातळ काय ते घेत होती आणि पाटीवर लिहून बोलत होती. काल तारा काढल्या. डॉक्टर म्हणाले, हळूहळू बोला, दुखेल. आज तिथल्या पोलिसांचा व्हिडिओ फोन ठरला होता, दुभाषी मध्ये. तुझं पत्र मी तिला आधीच वाचायला दिलं होतं. तिच्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलंय. तिने ते वाचून घडी घालून मला परत दिलं.

अधिकाऱ्याने विचारलं, जाळेवाला भिंतीवरून पडला असं तुमच्या नवऱ्याचं म्हणणं आहे, तुम्हाला काय सांगायचं आहे? वहिनी ताठ बसली. शब्द फुटत होते, लाळ गळत होती, रुमालाने टिपत होती. पण आवाज वॉर्डातला होता. ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला सांगायची ना, तसा. "डोक्याला मार डाव्या कानाच्या वर. पाठीवर आणि दोन्ही हातांवर गजाचे वळ. मारताना मी पाहिलं. मारणारा माझा नवरा." दुभाष्याने शेवटचं वाक्य पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

अधिकाऱ्याने आणखी एक विचारलं. यापूर्वी हे कधी असे वागले होते का? मला वाटलं, आता ती रडेल. ती म्हणाली, "नाही. तिकडे आमच्या घरी कधीच नाही." तुझ्या बाजूने जे खरं होतं, तेही तिने सांगितलं.

फोन बंद झाल्यावर तिने ओला रुमाल घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बेबी, भूक लागलीय. चावून खायचं काहीतरी दे."

मी उठते आता.

बेबी